माप ओलांडायचं कुणी?

पुण्यात नोकरीला आलेली पाटण्याची मुलगी आणि तिच्याच कंपनीतला सांगलीचा मुलगा. नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरलं, की पहिलं काम जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देण्याचं. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात आधीचे किमान ३० दिवस राहिलेला असावा, एवढीच १९५४च्या विशेष विवाह कायद्याची अट. भाडेकरार, आधार, फोटो, जन्माचे दाखले. इथवर सगळं सोपं असतं. धास्ती पुढच्या कलमात आहे. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते. शिवाय दोघांपैकी ज्याचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटिशीची प्रत रवाना होते आणि तिथल्या फलकावरही चिकटते. एकाच शहरातल्या जोडप्याची नोटीस एका फलकावर लागते. आपल्या या दोघांची तीन ठिकाणी लागते: पुणे, सांगली आणि पाटणा. ज्यांनी घरी अजून सांगितलेलंच नाही, त्यांच्या घराकडे सरकार स्वतःच कागद धाडतं.

हरकत घ्यायला ३० दिवस. कायद्याने हरकतीची कारणं मोजकीच ठेवली आहेत. आधीचं लग्न कायम असणं, वय कमी असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं, निषिद्ध नात्यात लग्न होत असणं. ‘मुलगा आपल्यातला नाही’ हे कारण त्यात कुठेच बसत नाही. पण त्या ३० दिवसांत काय काय होऊ शकतं, हे मुलींना पक्कं ठाऊक असतं. आईच्या छातीत दुखायला लागतं, मोठा भाऊ रात्रीच्या गाडीने येऊन दारात उभा राहतो, ‘दोन दिवस घरी चल’ म्हणून नेलेली मुलगी परत कामावर येत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अशी नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोपवलं, ते याच कारणाने. कायद्याचा मजकूर मात्र बदललेला नाही.

म्हणून दोघंही हिंदू असतील तर मुलं या वाटेला सहसा जातच नाहीत. आळंदीला जातात, नाहीतर आर्य समाज मंदिरात. तिथे हार, होम, सप्तपदी उरकते आणि मग १९९८च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली नोंदणी. इथे एक गोष्ट प्रत्येक जोडप्याने ध्यानात ठेवावी. हिंदू विवाह कायद्याखाली नुसता नोंदणीचा दाखला म्हणजे लग्न नव्हे, विधी व्हावे लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. हे विधी कुणाचे? कायदा म्हणतो, दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे. म्हणजे पाटण्याच्या पद्धतीने लागलेलं लग्न सांगलीच्या मुलालाही तितकंच बांधून घेतं. कायद्याने दोन प्रांतांना सारख्या पायरीवर उभं केलं आहे. घरांनी अजून केलेलं नाही.

विशेष विवाह कायद्याचा पूर्वज १८७२चा. केशवचंद्र सेन आणि ब्राह्मो समाजाच्या खटपटीतून तो आला. त्याची अट कठोर होती. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणताच धर्म मानत नाही, असं वधूवरांनी लिहून द्यायचं. त्या कायद्याखाली १८८० साली पाटण्याजवळच्या बांकीपूरला एक लग्न झालं. वधू मराठी होती. डोंगरे घराण्यातली, अनंतशास्त्र्यांची मुलगी, आईबापांनी सह्याद्रीच्या रानात राहून संस्कृतात वाढवलेली. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेला भाऊ आणि ती देशभर पायी हिंडले आणि कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. भाऊही गेल्यावर तिने बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. ती चित्पावन ब्राह्मण, तो शूद्र गणल्या गेलेल्या जातीतला. पंडिता रमाबाईंचं चरित्र आपल्याकडे शारदासदन आणि धर्मांतरापासून सुरू होतं. त्याआधीच्या या लग्नावर आपण दोन ओळींत पुढे सरकतो. मला ते फार मोठं वाटतं. प्रांत, जात आणि भाषा या तिन्ही भिंती एका सहीने ओलांडणारी बाई आपल्या भाषेची होती, आणि ती तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची होती.

दोघं सिलचरला राहिले. संसार दोन वर्षांचाही झाला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. त्यांची मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. त्या थोडक्या काळात रमाबाई बंगाली वाचू लागल्या होत्या. सिलचरच्या घरात त्यांच्या हाती पडलेलं लूकचं शुभवर्तमान बंगालीत होतं, आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याची दिशा तिथूनच वळू लागली. त्याच वर्षी त्या तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं.

१८७२च्या याच कायद्याखाली १८९८ साली मद्रासेत दुसरं लग्न गाजलं. हैदराबादच्या बंगाली चट्टोपाध्यायांची सरोजिनी आणि तेलुगू डॉक्टर गोविंदराजुलु नायडू. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असतानाच मन जडलं होतं. घरच्यांनी तिला शिकायला इंग्लंडला पाठवलं. परत आली आणि तिने त्याच माणसाशी लग्न केलं. तेलुगू समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी ते लावलं.

आता पुण्यात येऊ. १६ जून १९३३. येरवड्याजवळ टेकडीवर लेडी ठाकरसी यांचा ‘पर्णकुटी’ बंगला. गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास तिथेच २९ मे रोजी सुटला होता, अंगात त्राण नव्हतं. त्या बंगल्यात त्यांचा धाकटा मुलगा देवदास आणि राजाजी म्हणजेच राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी यांचं लग्न लागलं. तो गुजराती वाणी, ती तमिळ अय्यंगार. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पौरोहित्याला होते. ब्राह्मण मुलगी खालच्या मानलेल्या वर्णात देणं म्हणजे प्रतिलोम, स्मृतींनी सर्वांत जास्त निषेधलेला प्रकार. तो लावायला वेदशास्त्रात मुरलेला मराठी पंडित बसला. लक्ष्मणशास्त्र्यांना आपण मराठी विश्वकोशामुळे ओळखतो. त्यांच्या नावापुढे हे लग्नही ठळकपणे लिहायला हवं.

देवदास १९१८ साली मद्रासला गेले होते, हिंदी शिकवायला. दक्षिणेतल्या हिंदी प्रचाराचे ते पहिले प्रचारक. राजाजींच्या घरी जाणं-येणं वाढलं ते पुढच्या काळात. दोघांचं जमल्याचं वडिलांच्या कानावर आलं, तेव्हा दोन्ही वडिलांनी मिळून अट घातली. पाच वर्षं थांबा, एकमेकांना भेटू नका, आणि त्यानंतरही हेच वाटत असेल तर करा. दोन वडील एकमेकांचे जिवलग सहकारी, दोघं देशाला एक करायला निघालेले, आणि तरी मुलांपुढे पाच वर्षांचा डोंगर. १९२०च्या आसपास गांधीजी स्वतःही आंतरजातीय लग्नांच्या बाजूचे नव्हते. पुढे ते इतके बदलले, की वधूवरांपैकी एकजण दलित असल्याशिवाय लग्नाला जायचं नाही असं त्यांनी ठरवलं. मुलाच्या लग्नाचा त्या बदलात वाटा असणार, असं मला वाटतं.

थांबायला लावण्याची ही युक्ती घराघरांत चालत आलेली आहे. के. बालचंदर यांनी १९८१ मध्ये ‘एक दूजे के लिए’ काढला, तेव्हा गोव्यात शेजारी राहणाऱ्या तमिळ आणि उत्तर भारतीय कुटुंबांनी मुलांपुढे अट ठेवली ती हीच: वर्षभर भेट नाही, पत्र नाही. ‘एवढं थांबा, मग बघू’ म्हणणाऱ्या आईवडिलांच्या मनात बहुधा एकच आशा असते, की दरम्यान पोरं विसरतील. देवदास आणि लक्ष्मी विसरले नाहीत. पडद्यावरची दोघं शेवटी मरतात. पुढच्या पिढीतल्या किती आयांनी हा सिनेमा बघून रुमाल भिजवले आणि मग स्वतःच्या मुलीला नेमकं तेच ऐकवलं!

घरात जे ऐकवलं जातं ते प्रांताच्या नावाने. ‘त्यांचं जेवण वेगळं, बोलणं वेगळं, लांब पडेल, सणवार कसे करणार?’ हे सारं खरं मानलं, तर आपल्याच सीमेवर जाऊन पाहावं. कागल, निपाणी, चिकोडी, जत, अक्कलकोट. १९५६च्या भाषावार प्रांतरचनेनंतर या पट्ट्यातला बराच भाग वादात आहे. पण तिथल्या लिंगायत, जैन, मराठा घरांत मराठी बोलणारी मुलगी कानडी बोलणाऱ्या घरात बघून-सवरून, कुंडली-मानपान करून दिली जाते, आणि तिकडची इकडे येते. भाषा लग्नानंतर सहा महिन्यांत येते, असं तिथल्या बायका सहज सांगतात. अंतराची, जेवणाची, सणवाराची अडचण कुणाला आठवत नाही. का आठवत नाही? कारण जात एक आहे. उलट बाजूही पाहा. तंजावरात व्यंकोजीराजांपासून, म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षांपासून मराठी घरं आहेत. तमिळमध्ये ती आकंठ बुडालेली. तरी लग्नं पिढ्यानपिढ्या आपापसातच राहिली. शेजारपणाने लग्नं होत नाहीत आणि परकेपणाने अडत नाहीत. २०११-१२च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण शंभरात पाचेक निघालं. पोराने तमिळ मुलगी आणली म्हणून बसलेला धक्का बऱ्याचदा तमिळचा नसतो. जात विचारायला आता लाज वाटते, म्हणून प्रांत पुढे केला जातो.

आणि गरज पडली की जातही विचारली जात नाही. हरियाणात २०११च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ८७९ स्त्रिया होत्या. गर्भातच मुली मारल्याचं हे पीक. तिथे लग्नाला मुली नाहीत म्हणून आसाम, बंगाल, बिहार, ओडिशातून बायका आणल्या जातात, दलालाला पैसे मोजून. त्यांना ‘मोलकी’ म्हणतात, मेवातच्या बाजूला ‘पारो’. सगोत्र लग्न केलं म्हणून मुलांच्या जिवावर उठणाऱ्या पंचायतींच्या राज्यात या बायकांचं गोत्र कुणी विचारत नाही. तिने भाषा शिकायची, घुंगट घ्यायचा, बाजरीची भाकरी थापायची, शेतात राबायचं, आणि आयुष्यभर ‘विकत आणलेली’ हा शब्द ऐकायचा. महाराष्ट्रातही शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळेनात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंगं बांधून, घोड्यांवर बसून अविवाहित तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. दलालांचे रस्ते आपल्याकडेही पोहोचू लागले आहेत. प्रेमाने झालेल्या परप्रांतीय लग्नाबद्दल बोलताना या न-प्रेमाच्या लग्नांकडे पाठ फिरवता येत नाही, कारण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. अंतर तीच चालते.

हे अंतर किती असतं, ते इरावती कर्व्यांनी मोजून ठेवलं आहे. १९५३च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी देशाचे नातेसंबंधांवरून विभाग पाडले. उत्तरेत मुलगी गावाबाहेर, नात्याबाहेर, शक्यतो लांब द्यायची. सासरी सगळे अनोळखी, मोठ्यांसमोर डोक्यावरून पदर, माहेरच्यांनी मुलीच्या घरी पाणीही घेऊ नये इतका दुरावा. दक्षिणेत मामाकडे, आत्याकडे, ओळखीच्या घरात. तिथे सून लहानपणापासून अंगणात खेळलेलीच असते. महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये. मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. मला वाटतं, परप्रांतीय लग्नात सर्वांत उशिरा कळतं ते हेच. जेवण आठवड्यात कळतं, भाषा वर्षात. पण सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसायचं की नाही, दिराशी थट्टा चालते का, आईवडील मुलीकडे महिनाभर राहिले तर कुणाच्या कपाळाला आठ्या पडतील, हे न लिहिलेले नियम कुणी सांगत नाही. कोची किंवा मदुराईकडून कानपूरच्या घरात गेलेल्या मुलीला ती सासूच्या समोर पाय दुमडून का बसली नाही, याचा राग दोन वर्षांनी, भलत्याच भांडणात कळतो.

लग्नाच्या खुणाच घ्या. मराठी बाईला काळे मणी, हिरवा चुडा, जोडवी. बंगाली बाईला शंखाची पांढरी शाखा, लाल पोला, भांगात सिंदूर. तमिळ घरात पिवळ्या दोऱ्यातली ताली. पंजाबात लाल-पांढरा चुडा. दोन घरांनी एकमेकांचा मान राखायचा म्हणून दोन्ही खुणा ठेवल्या, की त्या दोन्ही एकाच अंगावर चढतात, तिच्या. त्याच्या अंगावर मुंडावळ्या होत्या त्या लग्नाच्या संध्याकाळी उतरल्या, बंगाली नवरदेवाचा टोपोर होता तो कपाटावर गेला. आडनावाचंही तेच. कायदा आडनाव बदलायला सांगत नाही. तरी बँकेतला कारकून, शाळेतला फॉर्म, सासूची मैत्रीण सगळे विचारत राहतात. दिवाळीच्या पहाटे रेडिओवर जिचा आवाज मराठी घरांनी पिढ्यान्पिढ्या ऐकला, ती पुण्याची माणिक दादरकर अमर वर्मांशी लग्न करून माणिक वर्मा झाली. त्या उत्तरेकडच्या आडनावाला आपण इतकं आपलं करून घेतलं, की ते परकं वाटतच नाही. आडनाव सामावून घेणारा समाज माणसं सामावून घेताना का अडखळतो?

स्वयंपाकघरात अडचण तेलापासून सुरू होते. शेंगदाण्याचं, मोहरीचं, खोबऱ्याचं. जाणत्या घरात तिन्ही बरण्या शेजारी शेजारी राहतात. खरी कसोटी सणांची. आश्विनातल्या त्याच दिवसांत महाराष्ट्रात घट बसतो, नऊ दिवस उपवास, चप्पल न घालणं, कांदा-लसूणही बंद. बंगालात दुर्गा माहेरी आलेली असते, म्हणून घरात खाण्यापिण्याचा उत्सव, आणि नवमीला मटण. देवी एक, दिवस तेच. कुणाच्या ओट्यावर काय शिजायचं, यावर सासू-सून किती वर्षं अबोला धरू शकतात, हे अशा घरांतल्यांना विचारावं. वाट काढणारी घरंही आहेत. घट देवघरात आणि मटण मित्राच्या घरी, एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे. ही वाट निघते तेव्हा ती बहुतेक सुनेने शोधलेली असते.

जावयाचं तसं नसतं. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण. बंगालात ज्येष्ठात जमाईषष्ठी, त्या दिवशी सासू पंख्याने वारा घालते आणि ताटात इलिश वाढते. दोन्ही प्रांतांत जावई पाटावर बसतो आणि जेवतो. सुनेला मात्र घर चालवायला सासरची भाषा लागते, भाजीवाल्याशी, कामवालीशी, आजेसासूशी. जावयाला ‘खूप छान झालंय’ एवढं आलं की कौतुक. दहा वर्षं लग्नाला झालेले, तिच्या गावी पंधरा वेळा जाऊन आलेले आणि तरीही तिच्या आईशी तिच्यामार्फतच बोलणारे किती पुरुष असतील! मला यात कौतुकाचं काही दिसत नाही. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं तेव्हा त्यांना एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्याची भाषा शिकावी असं वाटत होतं. ते कुठे घडायचं असेल तर आधी या घरांत घडायला हवं.

मुलांचा प्रश्न त्याहून नाजूक. नवरा-बायकोची भेट झाली ती हिंदीत किंवा इंग्रजीत, त्यामुळे घराचीही भाषा तीच होते. मूल तिच्यातच मोठं होतं. सांगलीची आजी आणि पाटण्याची आजी, दोघींशी ते शाळेतल्या हिंदीत बोलतं, आणि दोघीही फोनवर हळूहळू कमी बोलायला लागतात. २०११च्या जनगणनेत १२१ भाषांची नोंद आहे. प्रत्येक माणसाची मातृभाषा एकच नोंदवली जाते, आणि प्रगणकांना दिलेली व्याख्या अशी, की लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती. बापाची भाषा या रकान्यात येतच नाही. अशा घरातल्या बापाने आपली भाषा मुलाशी रोज, हट्टाने बोलायला हवी, कारण ती जपणारा दुसरा कुणी त्या घरात नसतो. आईनेही तसंच करावं. तीन वर्षांचं मूल दोन भाषा सहज वेगळ्या ठेवतं. गोंधळ मोठ्यांचा होतो.

देवदास आणि लक्ष्मीच्या मुलांपैकी राजमोहन गांधींनी दोन्ही आजोबांची चरित्रं लिहिली, एक मोहनदास, एक राजाजी. गोपाळकृष्ण गांधींनी विक्रम सेठ यांची ‘अ सूटेबल बॉय’ ही कादंबरी हिंदीत आणली आणि तमिळ तिरुक्कुरळ इंग्रजीत. मुलगी तारा लग्न करून भट्टाचार्य झाली, म्हणजे बंगालही घरात आला. सगळ्यांना असं घर मिळत नाही, पण दोन भाषांच्या घरातून काय निघू शकतं ते दिसतं.

अशा लग्नांवरच्या गोष्टी लग्न लागलं की संपतात. सिनेमे संपतात, कादंबऱ्या संपतात. आज पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत आयटीच्या पहिल्या लाटेत जुळलेली जोडपी पन्नाशीच्या आसपास आली आहेत. त्यांचे आईवडील पंचाहत्तरी-ऐंशीचे. २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच टाकली आहे. सांगलीचे सासरे आजारी पडले तर सून त्यांच्याशी मराठीत बोलते, डॉक्टरला विचारते, औषधाच्या वेळा लिहून काढते. पाटण्याचे वडील आजारी पडले तर तीच एकटी विमानाने जाते. जावई पैसे पाठवतो, रोज फोन करतो. त्याने तिच्याबरोबर जावं, वॉर्डमध्ये रात्री थांबावं, आपल्या मगही बोलीत म्हातारा पाणी मागत असेल तर ते त्याला कळावं, आणि सकाळी डिस्चार्जच्या काउंटरवर तिच्याऐवजी त्याने रांगेत उभं राहावं. पंधरा-वीस वर्षांच्या संसारात एवढी मगही यायला काही अडचण नव्हती.